स्वस्तिक शिळेवरची सहल रद्द करा: आपल्या मराठी मंडळाला खुलं पत्र

मंडळाचे अध्यक्ष, सचिव, कार्यकारिणीचे सदस्य आणि सहलीला नावं दिलेले सर्व सभासद यांस,

स. न. वि. वि.

मी आपल्याच मंडळाची सभासद. चौदा वर्षं वर्गणी भरते आहे. गणपतीत आरतीच्या ताटांची तयारी आणि दिवाळीत फराळाचं टेबल माझ्याकडे असतं, त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेक जण मला ओळखता. मंडळाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणाची नाचक्की करायची नाही. तरी इल्कली मूर या उत्तर इंग्लंडमधल्या उघड्या डोंगरमाळावर ठरलेल्या आपल्या सहलीबद्दल हे पत्र उघड लिहिते आहे. फेब्रुवारीपासून सचिवांना दोनदा लिहिलं, बैठकीत दहा मिनिटं मागितली, आणि दोन्ही वेळा "हॉल मिळत नाही, मूर ठरला आहे, बघू" एवढंच उत्तर आलं. मध्यंतरी आपली जाहिरात पाहून यॉर्कशरमधल्या आणखी दोन गटांनी अशीच सहल काढायचं ठरवल्याचं कळलं. आता ही गोष्ट आपल्यापुरती राहिलेली नाही.

ग्रुपवर आलेली सूचना अशी होती: मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला, महाराष्ट्र दिनानिमित्त, इल्कली मूरवरच्या स्वस्तिक शिळेपाशी जमायचं. शिळेचं हळदकुंकू वाहून पूजन, ढोल-ताशा, ड्रोनने सामूहिक फोटो आणि मग बार्बेक्यू. शेवटी एक वाक्य होतं: "मोकळं माळरान आहे, कुणाचं काही नाही, मुलं आणि कुत्री मनसोक्त धावतील."

या शेवटच्या वाक्यामुळे मला रात्रभर झोप आली नाही.

गेल्या वर्षी आपण तीसेक जण तिथे गेलो होतो. माझी रात्रपाळी होती, म्हणून मी आले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी संपवून मी सरळ इल्कलीची गाडी पकडली आणि हेबर्स घिलच्या झाडीतून वर चढून शिळेपाशी गेले. लोखंडी कठड्याच्या आत हळदीचा पिवळा ओघळ आला होता, तेलाचा तळहाताएवढा डाग होता, दवाने फुगलेल्या अक्षता खळग्यांत अडकल्या होत्या. तिथून दहा-बारा पावलांवर हेदरच्या झुडपांत एक चौकोनी करपलेली जागा दिसली, ॲल्युमिनियमच्या डिस्पोजेबल बार्बेक्यूच्या मापाची. सहज हात टेकवला. माती कोमट होती. आदल्या दुपारची आग, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, वर धूर नाही की निखारा नाही, आणि माती कोमट! मी पाण्याची बाटली घेऊन ओढ्यावर सहा खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला ओतलेलं पाणी आत चर्र वाजलं. तो बार्बेक्यू आपला होता की आणखी कुणाचा, हे मी सांगू शकत नाही. हळद मात्र आपलीच होती.

मी राजापूरकडची. आमचं घर सड्याच्या कडेला. जांभ्याचा काळा तापलेला कातळ, चैत्रात त्यावर गवताची काडी नाही, आणि श्रावणात तोच सडा फुलांनी असा भरतो की पाय कुठे ठेवावा कळत नाही. पाहुणे उन्हाळ्यात यायचे आणि म्हणायचे, "इथे काहीच नाही हो." गुरं राखताना आम्ही पोरं ज्या रेघांवरून पळायचो ती कातळशिल्पं होती हे आम्हाला फार उशिरा कळलं. आज कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत, 2022 पासून. पण आमच्या वाडीजवळचं एक मोठं चित्र, माशासारखं, त्याच्या आधीच चिरेखाणीत गेलं. कुणी दुष्टपणाने नेलं नाही. "मोकळा सडा आहे, कुणाचं काही नाही" असंच तेव्हाही सगळे म्हणाले होते. म्हणून हे वाक्य पुन्हा, इथे, आपल्या माणसांच्या तोंडून ऐकलं की मला गप्प बसवत नाही.

माझ्या तक्रारी सांगते.

पहिली आगीची. इल्कली मूरची जमीन मातीची नाही, पीटची आहे, हे आधी समजून घ्या. सतत ओल्या, आम्लधर्मी जमिनीत शेवाळ आणि झाडोरा मरतो, पण कुजत नाही. थरावर थर साचत जातो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. चांगल्या पीटमध्ये कोपरापर्यंत हात घातला, तर बोटं शिवरायांच्या जन्माच्याही आधीच्या शेवाळाला लागतात. मी हे नुसतं वाचून सांगत नाही. चार हिवाळे मी सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या एका मूरवर स्वयंसेवकांबरोबर स्फॅग्नम शेवाळाची रोपं लावायला जाते आहे. काठीने भोक पाडायचं, त्यात मूठभर हिरवा गोळा बसवायचा, बुटाने हलकेच दाबायचं. दिवसाला दोनशे-अडीचशे होतात. हातातला गोळा पिळला की ओल्या पंचासारखं पाणी निथळतं; हे शेवाळ आपल्या वजनाच्या वीसपट पाणी धरू शकतं. पेनाइन डोंगरांवरचं बरंचसं स्फॅग्नम दीडशे-दोनशे वर्षांच्या गिरण्यांच्या धुराने, आम्लपावसाने मेलं. मँचेस्टरकडच्या त्या गिरण्यांत अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूसही आला होता. या काळ्या, उघड्या पडलेल्या पीटच्या गोष्टीत आपलाही एक धागा आहे, असं मला रोप लावताना दर वेळी वाटतं.

हेच पीट सुकलं की जळण होतं. पूर्वी इथली माणसं ते कापून, वाळवून चुलीत घालायची. तो त्यांचा वहिवाटीचा हक्क होता. म्हणजे आपण बार्बेक्यू जमिनीवर ठेवतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तो सरपणाच्या ढिगावर ठेवलेला असतो. वरचं हेदर पेटलं तर दिसतं तरी. पीट पेटलं की आग खाली उतरते, दिसेनाशी होते, दिवसच्या दिवस धुमसत सरकते आणि वारा आला की भलतीकडेच वर येते. कोकणातला वणवा पावसाळ्यात भरून निघतो, सड्यावर पुन्हा गवत येतं. इथे एक वीत पीट जळालं तर ते परत यायला दोनशे वर्षं लागतील.

2018 च्या जूनमध्ये सॅडलवर्थ मूर पेटला तेव्हा सैन्य बोलवावं लागलं होतं. 2019 च्या ईस्टरच्या सुट्टीत, अशाच सुंदर उन्हाच्या दिवसांत, आपला इल्कली मूर पेटला. हेलिकॉप्टरने पाणी टाकत होते. तुमच्यातल्या किती जणांनी तेव्हा खिडकीतून धूर पाहिला होता! ग्रुपवर फोटो टाकून हळहळलेली माणसं आपणच. त्यानंतर ब्रॅडफर्ड कौन्सिलने मूरवर आग, बार्बेक्यू, फटाके आणि आकाशात सोडायचे कंदील यांवर बंदी घातली. पाट्या वाटेवरच लावलेल्या आहेत. आपण एक नोंदणीकृत मंडळ आहोत. बंदी असलेली गोष्ट आपल्या लेखी सूचनेत कशी येते, याचं उत्तर मला कार्यकारिणीकडून हवं आहे.

आणखी एक. 2015 च्या 26 डिसेंबरला कॅल्डर खोऱ्यातलं हेब्डन ब्रिज बुडालं, एअर नदी लीड्समध्ये कर्कस्टॉल रोडवर शिरली. आपल्यातल्या एका कुटुंबाच्या दुकानात पाणी होतं, मंडळाने मदत गोळा केली होती, आठवत असेल. डोंगरमाथ्यावर जिवंत स्फॅग्नम असलं की पाणी तिथे थबकतं, रेंगाळत खाली येतं. जळालेल्या, उघड्या पीटवरून ते धावत सुटतं. मूरवरची आग ही वरच्या मूरपुरती नसते.

दुसरी तक्रार शिळेची, आणि इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण तुमचा भाव मला कळतो. मी पहिल्यांदा ती शिळा पाहिली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. घर सोडून सात हजार किलोमीटर आल्यावर, धुक्यात, कड्याच्या टोकावर, दगडात कोरलेलं स्वस्तिक. हात आपोआप जोडले जातात. जोडा. त्याला माझी काहीच हरकत नाही.

पण आधी एक गोष्ट नीट पाहा. कठड्याच्या पुढच्या भागात जी ठसठशीत आकृती दिसते, जिचे फोटो सगळे काढतात, ती विसाव्या शतकात बनवलेली नक्कल आहे. मूळ कोरीवकाम तिच्या मागे आहे, झिजलेलं, पुसट. सकाळचं तिरकं ऊन किंवा पाऊस नुकताच थांबलेला असला तरच ते उठून दिसतं. चार वळणदार हात आणि त्यांच्या कुशीत वाटीसारखे खळगे. आपण उंबऱ्यावर काढतो तसं सरळ रेघांचं काटकोनी स्वस्तिक ते नाही. त्याच्या सगळ्यात जवळचं रूप उत्तर इटलीतल्या वाल कामोनिका खोऱ्यातल्या खडकांवर सापडतं. या मूरवर, म्हणजे इल्कली ज्याचा भाग आहे त्या सगळ्या रॉम्बल्ड्स मूरवर, असे कोरीव दगड शेकड्यांनी आहेत. बहुतेकांवर नुसते खळगे आणि त्यांच्याभोवती वर्तुळं. खळगे-वर्तुळांचं हे कोरीवकाम चार-पाच हजार वर्षांपूर्वीचं मानलं जातं. ज्यांनी ते कोरलं त्यांची भाषा गेली, देव गेले. ग्रुपवर फिरणारा "आपले पूर्वज इंग्लंडला आले होते, हा पुरावा" हा मजकूर कुणी लिहिला मला माहीत नाही, पण त्याला कसलाही आधार नाही आणि मुलांना तो खरा म्हणून सांगू नये अशी माझी हात जोडून विनंती आहे. ती माणसं आपली नव्हती, तरी त्यांनी दगडात जीव ओतून काही कोरलं. तेवढं मला त्या शिळेपुढे नम्र व्हायला पुरतं.

आपल्याकडे देवाला शेंदूर लागतो, तेल लागतं, आणि देव वर्षानुवर्षं त्या लेपाखाली जाडजूड होत जातो. ती आपली रीत आहे आणि आपल्या देवळात ती शोभते. इथला दगड वाळूचा आहे, मिलस्टोन ग्रिट म्हणतात त्याला. तेल पितो, रंग धरतो. त्यावरचं दगडफूल, ते करड्या-हिरव्या रंगाचे डाग, इतकं सावकाश वाढतं की नखाएवढा ठिपका काही दशकांचा असू शकतो. ओल्या फडक्याने पुसायला जाल तर आणखी खराब होईल. गेल्या वर्षी मी फक्त अक्षता वेचल्या. बाकी कशालाही हात लावायचं मला धाडस झालं नाही. शिवाय ही शिळा संरक्षित स्मारक आहे. तिला इजा करणं हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, भावना कितीही चांगली असली तरी.

आगीचा आणि दगडाचाही संबंध आहे, तोही सांगून टाकते. 2003 च्या सप्टेंबरात नॉर्थ यॉर्क मूर्सवर फायलिंगडेल्सला मोठी आग लागली. हेदर आणि पीटचा थर जळून गेला आणि खालून आजवर कुणी न पाहिलेले कोरीव दगड बाहेर आले. अभ्यासकांना ते सापडले हे खरं, पण असा दगड भाजला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि चार हजार वर्षांची रेघ पापुद्र्याबरोबर जाते.

तिसरी तक्रार वेळेची. मे महिना! सहलीला याहून वाईट महिना निवडता आला नसता. एप्रिल ते जुलै हा मूरवर विणीचा काळ. आपल्या टिटवीची इथली बहीण, डोक्यावर नाजूक तुरा असलेली लॅपविंग, सोनेरी पाठीचा प्लोव्हर, रेड ग्राऊस, आणि कर्ल्यू. सगळे जमिनीवर अंडी घालतात. टिटवी उघड्या रानात खड्यांच्यात अंडी घालते आणि आपण त्यावर पाय देईपर्यंत ती आपल्याला दिसत नाहीत, हे गावाकडे वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. कर्ल्यूला लांब, खाली वाकलेली चोच असते. त्याची हाक खालून सुरू होते आणि बुडबुड्यांसारखी वर वर चढत जाते. धुक्यात ऐकली की अंगावर काटा येतो. याच जातीचे पक्षी थंडीत आपल्या कोकणच्या खाड्यांच्या चिखलात उतरतात. ते पूर्वेकडच्या मुलखातून येतात, इथले वेगळे, पण लहानपणी भाट्याच्या खाडीत पाहिलेली ती चोच मी इथे लगेच ओळखली. जगात जेवढे कर्ल्यू अंडी घालतात त्यातले सुमारे पाव ब्रिटनमध्ये घालतात, आणि गेल्या काही दशकांत इथली त्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आली आहे. एका घरट्यात चार अंडी, चार आठवडे उबवण, मग पिल्लं उडायला आणखी पाच-सहा आठवडे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी वाटेवर वाकून बुटाची नाडी बांधत होते. हातभर अंतरावर गवताचा एक झुपका श्वास घेतोय असं वाटलं. कर्ल्यूचं पिल्लू होतं, मुठीएवढं, चोच अजून सरळ आणि आखूड, डोळा मिटलेला नाही, पापणी हलत नाही. पंधरा पावलांवर आई ओरडत घिरट्या घालत होती आणि ते मात्र जागचं हललं नाही. ही पिल्लं धोका आला की पळत नाहीत, दबून बसतात. तिथे धावणारी वीस मुलं आणि मोकळी सोडलेली चार कुत्री डोळ्यांपुढे आणा. वर ढोल. ड्रोन तर त्यांना ससाण्यासारखाच वाटतो. घरटं सोडून उठलेल्या आईची अंडी त्या थंड वाऱ्यात किती वेळ ऊब धरणार?

कुत्र्यांबद्दल कायदाही स्पष्ट आहे. 2000 सालच्या कायद्याने अशा मोकळ्या डोंगरजमिनींवर सगळ्यांना पायी फिरायचा हक्क दिला आणि त्याबरोबरच 1 मार्च ते 31 जुलै कुत्रं दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधलेलं हवं, ही अटही घातली. हा हक्क आयता मिळालेला नाही. 24 एप्रिल 1932 ला मँचेस्टरकडचे कामगार तरुण बेनी रॉथमनच्या पुढाकाराने किंडर स्काऊटच्या राखीव शिकारमाळावर चढले, त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला, आणि कायदा यायला पुढे 68 वर्षं गेली. सत्याग्रह म्हणजे काय हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मग त्या हक्काबरोबर आलेली एवढीशी अट पाळणं आपल्याला जड का जावं?

चौथी गोष्ट तक्रार म्हणा किंवा समज म्हणा. "कुणाचं काही नाही" हे चूक आहे. मूरला आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द गायरान. जमिनीची मालकी ब्रॅडफर्ड कौन्सिलची, पण मेंढ्या चारायचे हक्क वंशपरंपरेने आलेल्या शेतकऱ्यांचे. पिढ्यानपिढ्या मेंढीला तिचा माळ ठाऊक असतो. आई कोकराला घेऊन त्याच ओढ्यापर्यंत जाते, त्याच खडकाआड वाऱ्याला पाठ देते, आणि ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला तेच शिकवतं. कुंपण नसतं, मेंढीची आठवण हेच कुंपण. यॉर्कशर डेल्समधले जुने मेंढपाळ मेंढ्या मोजायचे ते वेगळ्याच आकड्यांत, यान, टॅन, टेथेरा असे. 2001 च्या लाळ्या-खुरकताच्या साथीत उत्तर इंग्लंडमध्ये असे कळपच्या कळप मारावे लागले, तेव्हा शेतकऱ्यांचं दुःख नुसत्या जनावरांचं नव्हतं, ती आठवण तुटल्याचंही होतं. मेमध्ये ही कोकरं काही आठवड्यांची असतात. कुत्र्याने नुसतं पळवलं तरी मेंढी दगावते.

आणि गोष्टी तर पावलोपावली. रॉम्बल्ड नावाचा राक्षस रागावलेल्या बायकोपासून पळत सुटला, त्याचा पाय खडकावर पडला आणि मोठ्या खडकाचा तुकडा उडाला. तेच आपले गाय-वासरू खडक, ज्यांच्या पायथ्याशी आपण गाड्या लावतो. मागे धावणाऱ्या बायकोच्या ओच्यातले दगड सांडले, त्याचे दोन ढीग अजून मूरवर आहेत. त्यांची नावंच थोरल्या आणि धाकट्या ओच्याच्या दगडांची. ओच्यात दगड घेऊन नवऱ्यामागे धावणारी ही राक्षसीण मला आमच्या गावातल्या एखाद्या बाईसारखी वाटते. यॉर्कशरच्या माणसांचं लाडकं लोकगीत याच मूरवरचं आहे: टोपी न घालता मूरवर गेलास, तर थंडीने मरशील, आम्ही तुला पुरू, किडे तुला खातील, किड्यांना बदकं, आणि बदकांना आम्ही. लग्नात, मॅचला, म्हाताऱ्यांच्या आश्रमात, कुठेही सुरुवात करा, सगळे धरतात. माझ्या वॉर्डातले एक आजोबा शेवटच्या आठवड्यात नाव विसरले होते, हे गाणं विसरले नव्हते. 1859 च्या शरदात डार्विन इथे जलोपचारासाठी येऊन राहिला होता. व्हाइट वेल्सच्या पांढऱ्या घरावर निशाण लागलं की आजही चहा मिळतो. ऑगस्टमध्ये बिलबेरी पिकते, आपल्या करवंदासारखी पण जमिनीलगत, बोटं आणि दात जांभळे करणारी. तिचं सारण भरून भाजलेली गोड 'पाय' (pie) इथे मयताच्या जेवणात वाढत असत. अशा जागेला "मोकळं माळरान" म्हणू नका.

गाड्या कुठेही लावणं, थर्माकोलच्या ताटल्या, वाऱ्यावर गेलेल्या पिशव्या यांवर मी वेगळं लिहीत नाही. ते तुम्हालाही कळतं.

इंग्रज मूरशी नेहमी चांगलेच वागले असं मी म्हणत नाही. शिकारीच्या मूरवर ग्राऊसला कोवळे कोंब मिळावेत म्हणून पिढ्यानपिढ्या हेदरचे पट्टे जाळले गेले, आपल्याकडे राब भाजतात तसे. पण तेही बदलत आहेत. 2021 पासून संरक्षित भागातल्या खोल पीटवर असं जाळायला परवाना लागतो. इल्कली मूरवर तर कौन्सिलने 2018 मध्ये शिकारीचा करारच पुढे वाढवला नाही, तोही इथल्या सामान्य लोकांनी वर्षानुवर्षं पत्रं लिहून, सभा घेऊन मागणी लावून धरल्यामुळे. टिटवी देखील समुद्र आटवी म्हणतात ते असं.

आता मागण्या.

मेमधली मूरवरची सहल रद्द करावी, आणि तसं ग्रुपवर लेखी कळवावं, म्हणजे इतर दोन गटांनाही कळेल. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम खाली गावातल्या हॉलमध्ये घ्यावा. इल्कलीत एक हॉल दुपारनंतर मोकळा असल्याचं मी स्वतः विचारून आले आहे. भाड्यातले पन्नास पौंड मी देते. ढोल तिथे हवा तेवढा वाजवा.

मूरवर मंडळाच्या नावाने कधीही, कुठल्याही महिन्यात, कसलीही आग पेटवू नये. बार्बेक्यू नाही, निरांजन नाही, उदबत्तीसुद्धा नाही.

स्वस्तिक शिळेला हळद, कुंकू, तेल, खडू, पाणी काहीही लावू नये, कठड्याच्या आत कुणी जाऊ नये. गेल्या वर्षी जे झालं ते कौन्सिलच्या वारसा विभागाला मंडळाने स्वतःहून कळवावं. डाग कसा काढायचा हे जाणकारच ठरवू शकतात. यात शिक्षेची भीती वाटत असेल तर पत्रावर पहिली सही माझी राहील; मी त्या दिवशी नव्हते, पण सभासद आहे.

विणीच्या काळात वाट सोडायची नाही, कुत्रं दोरीला, ड्रोन नाही. हे सहलीच्या प्रत्येक सूचनेत मराठीत लिहावं. पाट्या इंग्रजीत आहेत आणि आपल्यातल्या कित्येक आजी-आजोबांना त्या वाचता येत नाहीत. ती जबाबदारी मंडळाची आहे.

आणि सहल हवीच आहे, तर ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी या. मी पुढे चालेन. तेव्हा पिल्लं उडून गेलेली असतात, हेदर फुललेलं असतं, सगळा डोंगर जांभळा, आणि मधमाशांचा आवाज इतका की बोलणं ऐकू येत नाही. वीस-वीसच्या तुकड्या करू. सकाळी लवकर निघालो तर तिरक्या उन्हात मूळ शिळा दिसेल. नक्कल नाही, मूळ. ट्वेल्व्ह अपॉसल्सच्या दगडी वर्तुळापर्यंत ज्यांना चालवेल त्यांना नेईन. डबे घरून आणायचे, दशम्या, चटणी, ताक. मुलांना बिलबेरी खाऊ घालू, जीभ दाखवायला सांगू. हिवाळ्यात ज्यांना स्फॅग्नम लावायला यायचं आहे त्यांनी मला सांगावं. जुने बूट आणि जाड हातमोजे लागतात, बाकी सगळं तिथे मिळतं.

कार्यकारिणीची पुढची बैठक येत्या रविवारी आहे. हा विषय पहिला घ्यावा आणि निर्णय त्याच दिवशी सगळ्या सभासदांना कळवावा, ही विनंती. मी हॉलच्या बाहेर थांबेन. बोलावलंत तर येईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक सभासद
(राजापूर, सध्या मुक्काम वॉर्फ नदीचं खोरं, यॉर्कशर)